ज्याची तक्रार, त्यालाच आधी

कॉलेजात दोघींचं बिनसलं की ती बातमी कोणत्या रस्त्यानं फिरते ते एकदा नीट बघा. आधी ती रूममेटला कळते. मग तीनजणींच्या एका ग्रुपला कळते. हा ग्रुप मूळच्या पाचजणींच्या ग्रुपमधून, जिच्याशी वाजलंय ती आणि तिची खास मैत्रीण अशा दोघींना वगळून, त्याच संध्याकाळी तयार झालेला असतो. मग इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'साठी एक स्टोरी पडते. काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, आणि काही माणसांना माणसांची किंमत नसते अशा अर्थाचं काहीतरी. मग कॅन्टीन. मग घरी फोन झालाच तर आईला. सगळ्यात शेवटी, आठ-दहा दिवसांनी, ती बातमी तिला कळते जिच्याविषयी ती असते. तीही तिसऱ्याच कोणाच्या तोंडून, तिखटमीठ लावून.

मुलं म्हणतील, आमच्यात असलं काही नसतं. असतं. तिथे स्टोरीऐवजी रविवारच्या क्रिकेटच्या टीममधून एकाचं नाव गायब होतं आणि का ते त्याला कोणी सांगत नाही.

निरोगी नाती कशी असावीत यावर आपल्याला भरपूर ऐकवलं जातं. मेंटल हेल्थच्या कार्यक्रमात पीपीटी असते, तिच्यात विश्वास, आदर, संवाद हे शब्द गोल गोल चौकटीत लिहिलेले असतात आणि आपण माना डोलावून समोसा खायला जातो. त्या शब्दांशी माझं काही भांडण नाही. पण 'संवाद' म्हणजे कोणाशी, हे तिथे कोणी विचारत नाही. संवाद आपण दिवसभर करतोच. ज्याच्याशी करायचा त्याला सोडून बाकी सगळ्यांशी करतो, इतकंच. म्हणून नातं धड आहे की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे. त्या माणसाबद्दल तुमची तक्रार असेल तर ती सगळ्यात आधी कोणाच्या कानावर जाते? त्याच्याच कानावर जात असेल तर दर आठवड्याला भांडलात तरी मला काळजी वाटणार नाही. त्याला सोडून सगळ्यांना माहीत असेल, तर एकदाही न भांडलेली मैत्री आतून पोखरलेली असू शकते.

मराठीत याला म्हण आहेच, लेकी बोले सुने लागे. बोलायचं लेकीला, लागलं पाहिजे सुनेला. आपल्या पिढीला ही म्हण जुनाट वाटते, सासवा-सुनांच्या काळातली. पण व्हॉट्सॲपचं स्टेटस म्हणजे दुसरं काय आहे? उलट पूर्वीची पद्धत एका अर्थानं बरी होती, कारण सून त्याच स्वयंपाकघरात उभी असायची. तिला कळायचं हे आपल्यालाच आहे, आणि ती निदान भांडं आपटून उत्तर देऊ शकायची. स्टेटस टाकणारी मात्र दर पंधरा मिनिटांनी 'कोणी पाहिलं' ती यादी उघडून बघत बसते. जिनं पाहायला हवं तिनं पाहिलेलंच नसतं. पाहिलेलं असतं भलत्याच चारजणींनी, आणि त्या चौघी रात्री झोपताना विचार करत असतात, हे माझ्यासाठी तर नाही ना? चोवीस तासांनी स्टेटस जातं. त्या चौघींच्या मनातलं कोण काढणार?

मी कॅथलिक आहे, त्यामुळे हा विषय निघाला की मला मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आठवतो. तिथे येशू आपल्या शिष्यांना जवळजवळ कार्यालयीन वाटावी अशी पद्धत सांगतो. तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटा जा आणि त्याला एकट्यालाच सांग. त्यानं ऐकलं तर विषय तिथेच संपला, भाऊ परत मिळाला. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मग मंडळीला सांग. म्हणजे क्रम असा, एक, मग दोन-तीन, मग सगळे. आपण बरोबर उलट्या टोकानं सुरुवात करतो. आधी मंडळीला सांगतो, मग एकदोघांना मध्यस्थीला पाठवतो, आणि त्याच्याकडे एकट्यानं जायची वेळ बहुतेक येतच नाही.

त्याच शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात याची दुसरी बाजू आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक मजेशीर गोष्ट दिसते. एकात दुखावलेल्यानं जायचं आहे, दुसऱ्यात ज्यानं दुखावलं त्यानं. चूक कोणाचीही असो, 'जा' हे ऐकणाऱ्यालाच सांगितलंय. 'तिनं आधी यायला पाहिजे' या आपल्या आवडत्या वाक्याला दोन्हीकडे जागाच नाही.

हे उतारे आम्ही लहानपणापासून ऐकतो. शिवाय दर रविवारी मिस्सामध्ये, कम्युनियनच्या आधी, एकमेकांना शांतीचं अभिवादन करायचं असतं. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी हात जोडूनच करतात. डावीकडे नमस्कार, उजवीकडे नमस्कार, मागे वळून एक नमस्कार. ज्याच्याशी खरोखर वाजलंय तो चार बाक पुढे असतो आणि त्याची पाठ दिसत असते. तेवढ्या अर्ध्या मिनिटात उठून कोणी चार बाक ओलांडून गेलेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही. गेलं तर शिस्तीच्या दृष्टीनं ते कदाचित शोभणारही नाही. खरं (आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात, ते एवढं चालवून घ्या) मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात चहा-बिस्किटं असतात की. तिथेही आपण त्याला टाळून दुसऱ्याच घोळक्यात जाऊन उभे राहतो.

या सोसायटीतल्या बऱ्याच वाचकांना मत्तय परका वाटेल, म्हणून बेळगावचंच दुसरं उदाहरण देते. पु. लं.च्या 'गणगोत'मधले रावसाहेब आठवा. मराठी-कानडी एकत्र कालवून समोरच्याला तोंडावर शिव्या देणारा माणूस. त्या लेखात ते कोणावर डाफरतात त्याचा हिशेब ठेवता येणार नाही, पण त्यांच्याजवळच्या माणसांना एक खात्री असते, की रावसाहेबांना आपल्याबद्दल जे वाटतं ते आपल्याला कळलेलं आहे. पाठीमागे वेगळं काही शिल्लक नाही. सगळ्यांनी शिव्या द्याव्यात असं मी म्हणत नाही (आमच्या प्रोफेसर हे अंक वाचतात). पण ती खात्री ज्या मैत्रीत आहे तिथे माणूस निवांत बसू शकतो, हे मात्र मी म्हणते.

तिसऱ्याला सांगणं इतकं सोपं का वाटतं? कारण तिसरा कधी उलट प्रश्न विचारत नाही. त्याला एकच बाजू माहीत असते, तो 'हो ना, किती वाईट' म्हणतो, आपल्याला हलकं वाटतं. पण हलकं वाटलं म्हणजे सुटलं असं नाही. जे दुखतंय त्याबद्दल त्या बिचाऱ्याला काहीच करता येत नाही, आणि आपण समेट करून मोकळे झालो तरी त्याच्या मनात त्या दुसऱ्या माणसाचं जे चित्र आपण रंगवलं ते तसंच राहतं. नवरा-बायकोच्या भांडणात माहेरच्यांची मनं का साफ होत नाहीत याचं कारण हेच. त्यांनी भांडण ऐकलेलं असतं, समेट ऐकलेला नसतो.

इथे एक फरक केला पाहिजे. कोणाला तरी जाऊन 'हे मी तिला कसं सांगू?' असं विचारणं वेगळं. ते सल्ला घेणं आहे आणि कित्येकदा त्याची गरज असते. अशा बोलण्याचं तोंड त्या माणसाकडे वळलेलं असतं. 'तिनं काय केलं माहीत आहे का?' या बोलण्याचं तोंड उलट दिशेला असतं. बोलताना आपल्याला स्वतःला ते लगेच कळतं.

आता 'टॉक्सिक' या शब्दाविषयी. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बोलण्यात हा शब्द इतका आलाय की उशिरा रिप्लाय देणारी मैत्रीण टॉक्सिक, नोट्स न देणारा मित्र टॉक्सिक, मार्क विचारणारी मावशी टॉक्सिक. आणि टॉक्सिक ठरलं की पुढची पायरी ठरलेली, 'कट ऑफ'. नंबर ब्लॉक, फोटो डिलीट, ग्रुपमधून बाहेर. त्या माणसाला बहुतेक वेळा आपण टॉक्सिक झालो हे कळलेलंच नसतं. त्याला काय बदलायचं हे सांगितलेलंच नसतं.

याउलट आपल्या मराठीत बिघडलेल्या नात्याच्या किती पायऱ्या आहेत बघा. नाराजी आहे, रुसवा आहे, कट्टी आहे, तेढ आहे, अबोला आहे, वितुष्ट आहे. रुसवा हा तर फारच हुशार शब्द. आपण परक्यावर रागावतो, चिडतो. रुसतो फक्त आपल्या माणसावर. कारण रुसणाऱ्याच्या मनात कुठेतरी असतं की हा येऊन समजूत काढेल. 'समजूत काढणे', 'मनधरणी करणे' हे प्रयोग त्या शब्दाच्या मागोमाग आलेच. अबोल्यातसुद्धा दोघांना ठाऊक असतं की अबोला चालू आहे. कधी धरला, कशावरून धरला, हे दोघंही सांगू शकतील. घरात अबोला असतानाही 'जेवायला वाढलंय म्हणावं' असा निरोप धाकट्या मुलाकरवी जातोच. घोस्टिंगमध्ये हे काहीच नसतं. एकजण निघून गेलेला असतो आणि दुसरा अजून 'बिझी असेल' म्हणत थांबलेला असतो. रुसवा ते वितुष्ट यांच्यामध्ये एवढं अंतर आहे, आणि आपण एका उडीत ते पार करून ब्लॉकच्या बटणावर पोचतो. मला त्याचं वाईट वाटतं.

एवढं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहायला हवी. ज्या नात्यात भीती आहे तिथे 'आधी एकटा जाऊन सांग' हा सल्ला लागू नाही. हात उचलणारा नवरा, फोटो पसरवायची धमकी देणारा बॉयफ्रेंड, नको तिथे हात लावणारा नातेवाईक किंवा शिक्षक, यांच्याकडे एकटीनं जाऊन संवाद साधायचा नसतो. तिथे पहिल्या पायरीलाच दुसऱ्यांना सांगायचं, आणि मोठ्यानं सांगायचं. २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे. २०१३च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे.

दुर्दैवानं आमच्या समाजात (आणि तुमच्याही, मला माहीत आहे) नेमकं उलटं शिकवलं जातं. जिथे तोंडावर बोलायला हवं तिथे 'जाऊ दे, कशाला दुखवायचं', आणि जिथे निघून जायला हवं तिथे 'सहन कर, हाच तुझा क्रूस'. क्रूस शब्दाचा असा वापर ऐकला की माझं डोकं फिरतं. योहानच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो. दुसरा गाल पुढे करायला शिकवणारा येशू तिथे काय करतो? तो त्या शिपायालाच विचारतो की मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? सोसण्याची उदाहरणं देणाऱ्यांनी हा प्रसंगही कधीतरी प्रवचनात घ्यावा.

घरातलं प्रकरण आणखी वेगळं. मित्राला जाऊन सांगणं एकवेळ जमेल, बाबांना कसं सांगणार? आपल्याकडे त्यासाठी एक सोय असते आणि तिचं नाव आई. 'आई, बाबांना सांग ना मला बी.एड. नाही करायचं.' 'तुझ्या लेकीला सांग रात्री नऊच्या आत घरी यायचं.' दोघंही एकाच घरात, भिंतीपलीकडे. मधली टपालसेवा आई चालवते, आणि वर दोन्हीकडचा राग तिच्यावर निघतो, कारण पत्रातला मजकूर आवडला नाही की आपण पोस्टमनवर ओरडतो. तिनं बाबांचं वाक्य मऊ करून इकडे आणलेलं असतं, आपलं वाक्य गोड करून तिकडे नेलेलं असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं बाप-लेकीला एकमेकांचे खरे शब्द माहीतच नसतात. तिला स्वतःला काय वाटतं हे विचारायला कोणाला सवड नसते.

मोठ्यांशी थेट बोलणं म्हणजे उद्धटपणा असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. मराठीत 'तुम्ही' म्हणूनही स्पष्ट बोलता येतं, 'अहो बाबा'नं सुरुवात करूनही नाही म्हणता येतं. समोर धीर होत नसेल तर चिठ्ठी लिहा. आमच्या वर्गातल्या एकानं वडिलांना दोन पानी पत्र लिहून त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकलं होतं. वडिलांनी त्यावर चकार शब्द काढला नाही, पण पुढच्या रविवारी गाडी धुताना 'ये जरा, पाणी मार' म्हणून त्याला बोलावलं आणि तासभर दोघं गाडीच धूत होते. उत्तर आलं असं तो मानतो, मीही मानते.

या सगळ्यात भाषेची एक गंमत आहे. मी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत जगते, आणि माझं निरीक्षण असं की आपण माफी इंग्रजीतच मागतो. 'सॉरी यार.' बसमध्ये धक्का लागला तरी सॉरी, कोणाचं गुपित फोडलं तरी सॉरी. 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली की जीभ जड होते, कारण त्या वाक्यात 'माझं' आहे आणि 'चुकलं' आहे, दोन्ही गिळायला कठीण. 'सॉरी'मध्ये काय चुकलं ते सांगावं लागत नाही. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' या वाक्यात तर चूक अलगद उचलून समोरच्याच्या वाटण्यावर ठेवलेली असते.

कन्फेशनमध्ये हे चालत नाही, म्हणून मला ती पद्धत आवडते. 'फादर, मी पापी आहे' एवढं मोघम बोलून सुटका नसते. काय केलं ते नाव घेऊन सांगावं लागतं, आणि जे नुकसान केलं ते शक्य तिथे भरून द्यावं लागतं. पैसे घेतले असतील तर परत करायचे. कोणाची बदनामी केली असेल तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्यापुढे ती दुरुस्त करायची. हा शेवटचा भाग मैत्रीतसुद्धा आणता येईल. ग्रुपवर टोमणा मारला असेल तर माफी इनबॉक्समध्ये का मागायची? तीही ग्रुपवरच मागायची.

आपल्या सोसायटीत 'स्मृतिचित्रे' न वाचलेलं कोणी असेल तर त्यांनी हा लेख इथेच सोडून ते पुस्तक घ्यावं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागानं प्रसिद्ध झालं. आपण ते ख्रिस्ती साहित्य म्हणून किंवा स्त्री-आत्मचरित्र म्हणून शिकतो. मी ते एका बिघडलेल्या आणि दुरुस्त झालेल्या नात्याचं पुस्तक म्हणून वाचते. ना. वा. टिळक म्हणजे सोपा नवरा नव्हे. तापट, लहरी, पैसा हातात न टिकणारा, न सांगता उठून चालू लागणारा माणूस. १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या, त्यांना ते मागाहून कळलं. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला हे म्हणजे नवरा जिवंत असून नसल्यासारखं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले.

आजची एखादी समुपदेशक त्यांना काय सांगेल मला माहीत नाही. त्यांनी स्वतः जे केलं ते मात्र मला फार शिकण्यासारखं वाटतं. त्या नवऱ्याकडे परत गेल्या, पण आपलं सोवळं-ओवळं बरोबर घेऊन गेल्या. तुम्ही तुमच्या धर्मात, मी माझ्या. आपण नवरा-बायको आहोतच. पुढे हळूहळू, स्वतःच्या अनुभवानं आणि स्वतःच्या विचारानं, त्यांनी ते सोवळं सोडलं आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. आज आपण 'बाउंडरी' म्हणतो ती हीच, नाही का? फरक एवढाच की आपण बाउंडरी म्हटलं की दरवाजा बंद करतो, आणि त्यांची बाउंडरी घराच्या आत, चुलीभोवती होती. दार उघडंच होतं. आणि त्या दोघांची भांडणं वाचा, काय खमंग आहेत! एकही वाक्य शेजारणीमार्फत नाही.

आता स्वतःशी असलेल्या नात्याबद्दल. माझ्या मते हाच नियम तिथेही लागतो, कारण आपल्याला काय दुखतंय हेसुद्धा आपण स्वतःला सोडून बाकीच्यांना सांगत असतो. 'मी ना, बेक्कार आहे', 'माझ्याकडून काही होणार नाही', हे आपण हसत हसत दहाजणांना ऐकवतो. पण एकटं बसून 'आज मला नक्की काय लागलं?' असं स्वतःला विचारायची वेळ आली की हात आपोआप फोनकडे जातो. सेल्फ-लव्ह म्हणून जे विकलं जातं, फेसमास्क, सुगंधी मेणबत्ती, सोलो ट्रिप, त्याला माझी हरकत नाही, पण तीही बहुतेक स्वतःपासून पळायचीच साधनं असतात. निदान ट्रिपचे रील बनवत असताना माणूस एकटा नसतो.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस'मध्ये (या पुस्तकाला १५४८मध्ये पोपची मान्यता मिळाली) दिवसाची झडती घ्यायची एक पद्धत आहे. पाच टप्पे आहेत. मला वाटायचं पहिला टप्पा 'आज काय चुकलं' हा असणार. तो तसा नाही. पहिला टप्पा आभार मानण्याचा आहे, दिवसभरात जे मिळालं त्याबद्दल. मग नीट पाहता यावं म्हणून कृपा मागायची, आणि त्यानंतर कुठे हिशेब. चुका तिसऱ्या नंबरावर येतात. नंतर क्षमा, आणि उद्याचं ठरवणं.

यानंतर 'मनाचे श्लोक' हातात घेतले (आमच्या आजीच्या शेजारणीकडे रोज संध्याकाळी ते चालायचे, त्यामुळे ऐकून ऐकून अर्धे पाठ आहेत) तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोनशे पाच श्लोक, आणि बरेचसे मनाला रागे भरणारे, हे करू नको, ते सोड. पण त्या मनाला रामदास पहिल्यांदा हाक मारतात ती 'सज्जना' म्हणून. आधी सज्जन म्हणायचं, मग कान धरायचा. इग्नेशियस स्पेनचा, रामदास जांबेचे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण स्वतःशी बोलायला बसताना पहिलं वाक्य कोणतं असावं याबद्दल दोघांचं जमलंय. नापास झाल्यावर मैत्रिणीला आपण 'अगं, पुढच्या वेळी होईल' म्हणतो आणि स्वतःला 'गाढव' म्हणतो. एकाच माणसाची ही दोन तोंडं मला पटत नाहीत.

मात्र रोज बसूनही मनातला आवाज फक्त शिव्याच देत असेल, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर ती झडतीनं सुटणारी गोष्ट नाही. तेव्हा टेलि-मानसला १४४१६वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, आणि मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

राहता राहिलं ते प्रत्यक्ष जाणं. पहिलं वाक्य सगळ्यात अवघड असतं, म्हणून ते घरूनच ठरवून जावं. 'तुझ्याशी पाच मिनिटं बोलायचंय, भांडायला नाही' हे वाईट नाही. 'तू नेहमी असंच करतेस'नं सुरुवात केली तर पुढचे पाच तास भांडणातच जाणार, कारण 'नेहमी' या शब्दावर समोरची लगेच पुरावे मागते. झालेली एकच गोष्ट सांगा, परवाची, नाव आणि वार सांगून. मेसेजवर बोलू नका. टाइप करून पुसलेलं आणि न पाठवलेलं समोरच्याला दिसत नाही, फक्त 'टायपिंग' दिसतं, आणि त्या 'टायपिंग'कडे बघत बसण्याइतकं भयाण काही नाही. शक्य असेल तर चालत चालत बोला. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत, मधे गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही. किल्ल्याभोवतीचा रस्ता त्यासाठी उत्तम आहे, फक्त संध्याकाळी डास असतात.

आणि ती नाहीच आली, किंवा ऐकून घेऊन उठून गेली, तर? होऊ शकतं. मत्तयच्या त्या अध्यायातही 'नाही ऐकलं तर' आहेच. मग काही दिवस अबोला चालेल. पण निदान तो कशावरून आहे हे दोघींना माहीत असेल, आणि कॅन्टीनमधल्या बाकीच्या अकराजणींना माहीत नसेल.

चहाचे पैसे कोणी द्यायचे, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत, ज्याची तक्रार त्यानं द्यावेत. बोलावलं आपण, तर चहा आपला.